काश्मीर विंटर टूर, 6 रात्री: ह्यांचे 5 स्टार, माझे 3

परवा टूरवाल्यांचा फोन आला, रेटिंग द्या म्हणून. आमच्या ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पाच स्टार दिले आणि फोन खिशात घातला. म्हणलं अहो, मला पण विचारा की, पैसे दोघांचे भरलेत ना आपण. तर म्हणे तू तीन देणार मला माहितीये, कशाला त्यांचं वाटोळं करतीस. म्हणून हा रिव्ह्यू मी वेगळा लिहायला बसले, टूरवाल्यांचं आणि हॉटेलचं नाव न घेता, म्हणजे कुणाचं वाटोळं नको. आणि खरं सांगू का, टूर वाईट नव्हतीच. माणसं बरी होती, गाड्या वेळेवर, जेवण तर फर्स्टक्लास. आमचं भांडण टूरवरून नाही, थंडीवरून आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. ह्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना, खाली माग आणि वर घर. उन्हाळ्यात सोलापूर 43-44 पर्यंत तापतं हे सगळ्यांना माहितीये, पण पत्र्याखाली मागाशेजारी उभं राहिल्यावर किती होतं ते आमच्या कामगारांना विचारा. त्यामुळं ह्यांचं लग्नाआधीपासूनचं एकच स्वप्न, आयुष्यात एकदा बर्फात जाऊन उभं राहायचं. मला मात्र विचाराल तर सोलापूरची थंडी ही जगातली सगळ्यात शहाणी थंडी आहे. पहाटे 14-15 डिग्री, अगदीच कडाका पडला तर 10-11, खोबरेल तेल बाटलीत गोठतं तेवढीच काय ती थंडी आणि ती बाटली दहा मिनिटं गच्चीवरच्या उन्हात ठेवली की पुन्हा पातळ. दुपारी छान ऊन, स्वेटर नको, पंखा पण नको. शेतावर हुरडा, संक्रांतीला सिद्धरामेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेतली जत्रा. वर्षातले हेच दोन महिने आम्ही माणसासारखे जगतो, आणि हे सोडून मुद्दाम गारठायला जायचं?

गेलो. कारण 31 डिसेंबरच्या गर्दीपेक्षा जानेवारीतली तारीख माणशी पाच हजारांनी स्वस्त होती आणि ह्यांनी मला न विचारता टोकन भरून टाकलं. शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या, "गड्डा सोडून कुठं चाललाव ओ?" मी काय सांगणार, म्हणलं ह्यांना विचारा.

माणशी 41 हजार, पुण्याहून विमान धरून. सोलापूर ते पुणे आपलं आपण. आता यात काय येत नाही ते नीट वाचा, कारण आम्ही नीट वाचलं नव्हतं. गुलमर्गची केबल कार येत नाही, बर्फातले बूट आणि कोट भाड्यानं घ्यायचे ते येत नाही, स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ती येत नाही, आणि बर्फ जास्त असला की गुलमर्गच्या खाली टंगमर्गला आपली गाडी सोडून चाकाला साखळ्या लावलेली तिथली गाडी घ्यावी लागते, ते पण येत नाही. दोघांचे मिळून वरचे सात-साडेसात हजार गेले. टूरचा मॅनेजर म्हणाला मॅडम, आयटिनररीत खाली लिहिलंय. लिहिलं होतं खरं, पण मुंगीएवढ्या अक्षरात. एक स्टार इथं कापला.

खरेदीची पण एक गंमत. नवी पेठेत थर्मल विचारायला गेले तर दुकानदारानं आधी मला जाड बनियन दाखवलं, मग कानटोपी, मग म्हणाला ताई, इथं थर्मल कोण घालतं हो, पुण्यात बघा. शेवटी पुण्यात राहणाऱ्या लेकीनं आणून दिले. आणि सासूबाईंनी निघायच्या आदल्या रात्री बॅगेत दोन सोलापुरी चादरी कोंबल्या. म्हणलं आई, हॉटेलात रजया असतात. तर म्हणाल्या दुसऱ्याची रजई ती दुसऱ्याचीच. दोन चादरींनी पाच किलो वजन वाढलं, विमानतळावर शेंगाचटणीचे डबे माझ्या हातातल्या पिशवीत आले. (चटणीवरून सिक्युरिटीवाल्यानं दोनदा पिशवी उघडायला लावली, ते जाऊ दे.)

पुण्याला जाताना ट्रेनमधून भिगवणच्या अलीकडं उजनीचं पाणी दिसतं, थंडीत तिथं पक्षी येतात ते तुम्हाला माहिती असेलच. फ्लेमिंगो सगळे बघतात पण एक पट्टकदंब म्हणून बदकासारखं पाखरू येतं, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं, ते तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतं. समोरच्या सीटवरचा कॉलेजचा पोरगा गळ्यात दुर्बीण अडकवून बसला होता, त्यानं सांगितलं. मी ह्यांना म्हणलं बघा, ते पाखरू बर्फ सोडून फुकट आपल्याकडं येतं आणि आपण 82 हजार भरून त्यानं सोडलेल्या जागी चाललोय. हे म्हणाले तू झोप.

श्रीनगरला उतरलो तेव्हा दुपार होती, ऊन होतं, एवढं काही नाही असं मी बोलून गेले. ड्रायव्हर नुसता हसला. तो म्हणाला आत्ता चिल्ले कलान चालू आहे, 21 डिसेंबरपासून 40 दिवस, सगळ्यात कडक थंडीचे. त्याच्यामागं 20 दिवसांचं चिल्ले खुर्द आणि मग 10 दिवसांचं चिल्ले बच्चा, म्हणजे थंडीलासुद्धा मोठा, धाकटा आणि पोर अशी भावंडं. आम्ही बरोब्बर थोरल्याच्या घरी पाहुणे.

आणि आता जे सांगते ते टूरच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. बर्फात थंडी वाजत नाही. थंडी वाजते खोलीत. जाहिरातीत तुम्हाला बर्फात उड्या मारणारी माणसं दिसतात, पण बर्फात तुम्ही दिवसाचे तीन तास असता, अंगावर सहा थर असतात आणि चालून चालून घाम येतो. उरलेले एकवीस तास तुम्ही हॉटेलात, गाडीत आणि बाथरूममध्ये काढता. खरी टूर ती. आम्ही पोचलो त्या रात्री आभाळ एकदम स्वच्छ होतं, चांदणं पडलेलं, मला वाटलं बरं झालं, बर्फ नाही म्हणजे थंडी कमी. उलटं असतं ते. ढग असले की जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत, पांघरूण घातल्यासारखं, त्यामुळं बर्फ पडतो ती रात्र शून्याच्या आसपास असते आणि चांदण्याची रात्र मायनस चार-पाचवर जाते. आपल्याकडं पण ढगाळ रात्री थंडी पळते आणि हुरड्याला मार बसतो म्हणून शेतकरी ओरडतो, तेच गणित, फक्त वीस डिग्री खाली.

खोलीत गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट होतं. छान असतं ते, तव्यावर झोपल्यासारखं. पण रात्री दोनला लाइट गेली. हॉटेलचा जनरेटर म्हणे अकरानंतर बंद. आणि वरची रजई जड एवढी की कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो, पण आतून गार आणि दमट, कुणी तरी ओलं गोणपाट अंगावर टाकावं तशी. तेव्हा ह्यांनी गुपचूप उठून बॅगेतून आईंच्या चादरी काढल्या. आता मी सोलापूरची आहे म्हणून खोटं कौतुक करणार नाही, आपली चादर सुती, ती सोलापूरच्याच थंडीसाठी, काश्मीरच्या थंडीपुढं एकट्या चादरीचा काही टिकाव लागत नाही. पण अंगाला चादर आणि वर ती रजई असं केलं तर दमटपणा अंगाला लागत नाही आणि ऊब धरून राहते. सकाळी नाश्त्याला मी हे सांगितलं तर ग्रुपमधल्या नाशिकच्या आजी म्हणाल्या एक विकत देता का. आईंना फोन करून सांगायचं होतं पण माझं प्रीपेड सिम तिकडं बंद. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे पण टूरवाल्यांनी विमानात बसल्यावर सांगितलं. आईंना ह्यांच्या फोनवरून कळवलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मग?"

सकाळी नळाला पाणी नाही. पाइपात गोठलेलं. हॉटेलचा पोरगा खाली पाइपाशेजारी कागद पेटवून बसला होता, एका नळाला बारीक धार सोडून ठेवायला रात्री विसरले म्हणे. गरम पाणी सात ते आठ असं बोर्डावर लिहिलेलं आणि आलं पावणेनऊला, एक बादली, दोघांत. माझी खोबरेलची बाटली दगड झालेली. टेबलावर आपटली तर खणखणीत आवाज आला. चटणीचा डबा उघडला तर शेंगतेलासकट गोळा, चमचा उभा राहिला त्यात. इथं दुसरा स्टार गेला. तो हॉटेलचा, थंडीचा नाही. थंडीला स्टार द्यायचा म्हणलं तर माझ्याकडं मायनस आहेत.

त्या पोरानं मात्र माझी दया येऊन मला कांगडी आणून दिली. मातीचं मडकं, भोवती वेताची परडी, आत निखारे आणि वरून राख. ते लोक फेरनच्या, म्हणजे त्यांच्या लांब ढगळ अंगरख्याच्या आत पोटाशी धरून चालतात, हात आतच, बाह्या रिकाम्या लोंबत्या. मी शालीच्या आत धरली आणि देवाशपथ, सगळ्या टूरमधली सगळ्यात सुखाचा अर्धा तास तोच. आमच्या आजीकडं शेगडी असायची थंडीत, तोच वास. झोपायच्या वेळी पोरगा येऊन घेऊन गेला, म्हणाला बंद खोलीत निखारा ठेवायचा नाही, गॅसनं माणूस झोपेतच जातो. तिकडं जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, हाऊसबोटवर लाकडावर पेटणारी शेगडी, बुखारी असते तिथं पण खिडकी थोडी उघडी ठेवायची.

आता गुलमर्ग. इथं मला ह्यांच्या बाजूनं लिहावं लागणार, नाही तर अन्याय होईल.

टंगमर्गला गाडी बदलली, बूट-कोट घेतले. बूट म्हणजे रबरी गमबूट, आधीच्या कुणाच्या तरी घामाचे, माझ्या मापाचे नव्हतेच, मोजे दोन घालून बसवले. तिथून वर 13 किलोमीटर घाट, दोन्ही बाजूंना देवदार बर्फानं वाकलेले. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे, सोलापूर साडेचारशेवर. मला वर श्वास लागत होता, ह्यांना काही नाही, माणूस पोरासारखा पुढं पुढं. केबल कारची तिकिटं आधीच ऑनलाइन काढायची असतात, मॅनेजरनं काढली होती. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, तो 1998 साली सुरू झाला, दुसरा 2005 साली, तो अफरवट डोंगरावर चार हजार मीटरच्या जरा खाली नेऊन सोडतो. दुसरा त्या दिवशी वाऱ्यामुळं बंद. टूरवाल्यांच्या फोटोत सगळे दुसऱ्या टप्प्यावर हात पसरून उभे असतात, पण वारा सुटला की तो बंद होतो हे धरूनच चाला. पैसे परत आले.

कोंगडूरीला उतरलो आणि बर्फ पडायला लागला. स्लेजवाले, घोडेवाले, कहवा म्हणजे तिकडचा चहा विकणारे सगळे एकदम अंगावर आले, मला तर गड्ड्यात आल्यासारखंच वाटलं, भाव करायला मजा आली, स्लेजवाल्यानं दीड हजार सांगितले ते मी सहाशेवर आणले. मी स्लेजवर बसून खाली गेले, भिजले, कहवा प्यायला, फोटो काढले. अर्ध्या तासात माझं झालं. मोजे ओले झाले होते, गमबुटात बर्फ शिरून त्याचं पाणी झालेलं, बोटं कळेनात. हे कुठं दिसेनात. शोधत गेले तर झाडांच्या कडेला एकटेच उभे. टोपी काढलेली. मागावरून उतरल्यावर भुवयांवर, मिशीवर, केसांवर कापसाचा भुगा बसलेला असतो ना, अगदी तसेच दिसत होते, पांढरेफटक.

मी नेहमीसारखी ओरडले, अहो, काय करलालाव तिथं? माझा आवाज पोचलाच नाही नीट. ताजा बर्फ आवाज गिळतो, भुसभुशीत असतो, मध्ये हवाच हवा, आवाज त्यात जाऊन मरतो. दोन पावलांवर गेले तेव्हा ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ऐक. काहीच नाही."

आता हे तुम्हाला कळणार नाही, मागाच्या वर राहणाऱ्याला कळेल. आमच्याकडं पहाटेपासून रात्रीपर्यंत खटखट, वीस वर्षं. कारखान्यात माणसं खुणांनी बोलतात आणि घरी आली तरी ओरडूनच बोलतात, सवयीनं. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही, देवाची आरतीसुद्धा धोट्याच्या तालावर होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांना एवढं हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पाचेक मिनिटं उभी राहिले मी पण. मग पाय फारच दुखायला लागले म्हणून म्हणलं चला. ते म्हणाले तू हो पुढं. मॅनेजरनं दोन शिट्ट्या मारल्या तरी आले नाहीत, शेवटच्या केबिनमधून खाली आलो.

त्यांचे पाच स्टार त्या पाच मिनिटांचे आहेत हे मला माहितीये. बादलीभर पाणी, गोठलेली चटणी, दोनदा गेलेली लाइट, ह्यातलं त्यांना काहीही आठवत नाही. विचारलं तर म्हणतात लाइट गेली होती का?

सोनमर्गचं थोडक्यात सांगते. बर्फ तिथं गुलमर्गपेक्षा जास्त वाटला, गर्दी कमी. आधी हिवाळ्यात तिकडचा रस्ता हिमस्खलनामुळं बंद पडायचा, आता बोगदा झालाय, साडेसहा किलोमीटरचा, जानेवारी 2025 ला सुरू झाला, त्यामुळं गाडी थेट जाते. बोगद्याच्या ह्या बाजूला ऊन आणि पलीकडं सगळं पांढरं. मी गाडीतून उतरले नाही. लाज वाटत नाही मला सांगायला. गाडीत हीटर होता, ड्रायव्हरबरोबर गप्पा मारल्या, त्याला शेंगाचटणीचा गोळा हीटरपुढं धरून मऊ करून दिला, त्यानं रोटीबरोबर खाल्ला आणि विचारलं ह्यात मांस आहे का एवढं चविष्ट लागतंय. त्याला विचारलं तुला कुठला हिवाळा आवडतो, तर म्हणाला मॅडम, तुम्ही लोक येता म्हणून बर्फ आवडतो, नाही तर आईच्या गुडघ्यांना विचारा.

जेवणाचं मात्र पूर्ण मार्क. ग्रुपबरोबर आपला मराठी स्वयंपाकी होता, मायनसमध्ये पहाटे उठून पोहे, उपमा, रात्री पिठलं-भात. भाकरी नव्हती, पण ती आमच्याकडं होती, कडक भाकरी, तिला थंडीचं काय आणि गरमीचं काय. एक रात्र त्यानं आपलं पिठलं आणि आमची कडक भाकरी असं वाढलं तेव्हा मुंबईची दोन पोरं भाकरी फोडायला दगड मागत होती.

कुणी जावं विचाराल तर ज्यांच्या घरात ह्यांच्यासारखं माणूस आहे त्यांनी जावंच, पण सहा रात्री घेऊ नका. तीन रात्री घ्या, त्यातली एक गुलमर्गलाच मुक्काम, म्हणजे सकाळी गर्दी यायच्या आधी बर्फ मिळतो. बुकिंगआधी हॉटेलला तीनच प्रश्न विचारा, जनरेटर रात्रभर चालतो का, खोलीत सेंट्रल हीटिंग आहे का, गरम पाणी किती वाजता. बर्फ पडेल का हे विचारू नका, ते कुणाच्याच हातात नाही. बूट जमले तर स्वतःचे न्या. माझ्यासारख्या उन्हातल्या माणसांनी गेलंच तर चादर न्या, आणि हॉटेलच्या पोराला पहिल्याच दिवशी पन्नास रुपये देऊन कांगडीची सोय करून ठेवा.

परत आलो तेव्हा गड्डा चालू होता. नंदीध्वजांची मिरवणूक चुकली ती चुकलीच, पण संध्याकाळी होम मैदानावर गेलो, पाळणे, भांड्यांची दुकानं, धूळ, लाउडस्पीकर. मी बिनस्वेटरची फिरत होते, अंगावरून साडेसातचा गार वारा, एवढं बरं वाटलं. ह्यांनी कानात कापूस घातला होता. घरी येऊन बाटली बघितली, खोबरेल पातळ.

टूरवाल्यांनी हॉटेलच्या तक्रारीबद्दल माणशी हजार रुपये परत केले, तरी माझे स्टार तीनच. आणि काल रात्री ह्यांनी पुढच्या जानेवारीचं टोकन भरलं. ह्या वेळेस मला विचारून भरलं. एकाचंच. त्याच तारखा, गड्ड्याच्याच. मी म्हणलं चटणी किती बांधू, तर म्हणाले त्या ड्रायव्हरसाठी पण एक डबा घाल.